मदत हवी आहे: एकाच आयपी ब्लॉकच्या दोन रजिस्ट्रीत दोन वेगळ्या नोंदी

आम्ही एक /२२ ब्लॉक, म्हणजे १०२४ पत्ते, जुन्या धारकाकडून रीतसर हस्तांतरित करून घेतला. ब्लॉक आरिनकडून (उत्तर अमेरिकेतले आयपी पत्ते नोंदवणारी संस्था) एपनिककडे (आशिया-पॅसिफिकची तशीच संस्था) आला. एपनिकच्या हूइजमध्ये, म्हणजे पत्ते कुणाच्या नावावर आहेत ते दाखवणाऱ्या नोंदवहीत, आमचंच नाव दिसतं. पण एका खासगी रूटिंग रजिस्ट्रीत आणि राइपच्या (युरोपची तशीच संस्था) नॉन-ऑथ डेटाबेसमध्ये, म्हणजे राइपच्या अखत्यारीबाहेरच्या पत्त्यांच्या जुन्या नोंदींत, जुन्या धारकाच्या एएस नंबरचे (नेटवर्कचा ओळख क्रमांक) रूट ऑब्जेक्ट, म्हणजे हे पत्ते कोणतं नेटवर्क जाहीर करतं ते सांगणाऱ्या नोंदी, तसेच पडून आहेत. आमचे अपस्ट्रीम (ज्यांच्यामार्फत आम्ही इंटरनेटला जोडलेलो आहोत त्या कंपन्या) याच नोंदींवरून फिल्टर बनवतात, त्यामुळे उद्या कुणी त्या जुन्या नंबरवरून आमचे पत्ते जाहीर केले तर ते सहज पुढे जातील. मला खरी भीती याचीच आहे.

आरओए, म्हणजे आमचे पत्ते कोणत्या एएस नंबरने जाहीर करायचे ते सांगणारा डिजिटल सहीचा दाखला, कालच तयार केला. माझ्या माहितीप्रमाणे राइपच्या नॉन-ऑथमधल्या, आरओएशी न जुळणाऱ्या नोंदी पूर्वसूचना देऊन काढल्या जातात. म्हणजे तिथला प्रश्न सुटेल. अडचण खासगी रजिस्ट्रीची आहे: ऑब्जेक्टचा मेंटेनर, म्हणजे नोंद बदलण्याचा अधिकार असलेला, जुना धारक आहे आणि तो ईमेलला उत्तर देत नाही.

अशा वेळी रजिस्ट्री चालवणाऱ्यांना थेट हस्तांतरणाची कागदपत्रं पाठवून नोंद काढून घेता येते का? कुणी केलं असेल तर काय काय मागितलं, ते कृपया सांगा. आणि तोवर अपस्ट्रीमला नेमकं काय करायला सांगू?