एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिणं हे खरंच काम आहे की नुसता सोपस्कार?

कर्वेनगरी
आमच्या हिंजवडीतल्या टीमने सपोर्टसाठी एआय एजंट जोडला, म्हणजे आम्ही दिलेली टूल्स (रिफंड करणं, ऑर्डर शोधणं अशी छोटी फंक्शन्स) स्वतःच निवडून वापरणारं मॉडेल. पहिल्याच आठवड्यात एका ग्राहकाला ५०० रुपयांऐवजी ५ रुपये रिफंड गेला. रिफंडच्या टूलला रक्कम ज्यातून द्यायची त्या पॅरामीटरचं नाव 'अमाऊंट', टूलचं वर्णन एका ओळीचं: 'रिफंड करते.' रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यायची हे आम्हा सगळ्यांना इतकं पाठ की लिहायचं कुणाला सुचलंच नाही. एजंटने सरळ ५०० पाठवले.

माणूस अडला की खुर्ची फिरवून शेजारच्याला विचारतो. एजंटपुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा साचा), बस. म्हणून टूल काय करतं एवढ्यावर भागत नाही. ते कधी वापरू नये, आकडे कुठल्या एककात, काही सापडलं नाही तर काय परत येतं, हेही लिहा. आणि कोडसारखंच रिव्ह्यूत तपासा. माझं तरी हेच मत झालंय.

जुना_सीवाला
पटलं नाही. ही चूक लिखाणाची नाही, डिझाइनची. नाव 'रक्कम_पैशांत' ठेवलं असतं तर हा धागा निघालाच नसता. ऑर्डरच्या अवस्था चारच असतील तर एनम, म्हणजे चालणाऱ्या किमतींची ठरावीक यादी द्या, पाचवी येणारच नाही. वर्णन म्हणजे विनंती. मॉडेल ती ऐकेलच असं नाही. टूल नुसतं वाचतं की काही पुसतं, हे सांगायची खूण एमसीपीत (एजंटला टूल्स जोडायच्या प्रोटोकॉलमध्ये) आहे, पण तीही सूचनाच. ऑर्डरच्या रकमेपेक्षा जास्त रिफंड सर्व्हरनेच अडवायला हवा. 'कृपया काळजीपूर्वक वापरा' लिहून काय होणार, कपाळ?

कर्वेनगरी
नाव त्याच दिवशी बदललं. पण आमच्याकडे ऑर्डर शोधायची तीन टूल्स आहेत: एक चालू ऑर्डरचं, एक जुन्या नोंदींचं, एक दुसऱ्या पोर्टलवरून आलेल्या ऑर्डरचं. तिन्हींची स्कीमा सारखीच. तिथे एनम काय करणार?

शनिवारपेठी
पुण्यात रिक्षावाल्याला 'मारुतीच्या देवळापाशी सोडा' म्हणून बघा. जिलब्या, डुल्या, पत्र्या की भिकारदास? विशेषण लागतंच, म्हणजे नावाबद्दल सीवाल्यांचं बरोबर. पण बाहेरगावच्या माणसाला डुल्या मारुती गणेश पेठेत आहे हे नावावरून कसं कळावं? ते कुणीतरी सांगावंच लागतं.

टेस्टर_ताई
मला वेगळाच राग आहे. नव्याने रुजू होणाऱ्या पोरांसाठी चार ओळी लिहा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा 'कोड हेच डॉक्युमेंटेशन' असं ऐकून घेतलं. आता यंत्र आलं आणि सगळ्यांना लेखणी सुचली! असो.

वर्णनाइतकाच एरर मेसेजही बघा. तारीख चुकली की आमचं टूल '४०० बॅड रिक्वेस्ट' (विनंती चुकीची) एवढंच म्हणायचं, आणि एजंट तीच तारीख पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा. मग मेसेज बदलला: '०३/०४ चालणार नाही, वर्ष-महिना-दिवस असं द्या.' आता दुसऱ्या फेरीत स्वतःच सुधारतो. आणि हो, तो मेसेज आमच्या नव्या पोरांनाही आवडला.

टोकन_मोजणारा
कुणी खर्चाचं बोलणार का? साधारणपणे सगळ्या टूल्सची वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी खुलं केल्यापासून जो तो टूल्स पुरवणारे सर्व्हरवर सर्व्हर जोडतोय. चाळीस टूल्स आणि प्रत्येकाचा निबंध. कामाचा प्रश्न त्यात बुडतो. शिवाय बाहेरच्या सर्व्हरच्या वर्णनात कुणी गुपचूप भलतीच आज्ञा घुसवली तर एजंट तीही पाळू शकतो. माझं म्हणणं, लिहू नका, कापा. तीन शोध-टूल्सचं एक करा, कुठे शोधायचं ते आतल्या कोडमध्ये ठरू द्या.

कर्वेनगरी
एकत्र करायचं बघतो, हे डोक्यात आलं नव्हतं. पण निबंध मीही लिहीत नाही. खऱ्या तक्रारींतल्या वीस निवडून एजंटला देतो, तो कुठलं टूल उचलतो ते बघतो. जिथे चुकतो तिथेच एक वाक्य घालतो. जुन्या नोंदींच्या टूलला 'चालू ऑर्डर इथे सापडणार नाहीत' एवढं लिहिलं, गोंधळ मिटला.

जुना_सीवाला
म्हणजे वर्णनाला टेस्ट आली! आता मॉडेलची आवृत्ती बदलली की ते वीस प्रश्न पुन्हा चालवणार कोण?

कर्वेनगरी
सध्या मीच. शुक्रवारी, जेवणानंतर.

टेस्टर_ताई
बरं, त्या पाच रुपयेवाल्या ग्राहकाचं काय झालं?

कर्वेनगरी
उरलेले ४९५ मी स्वतः परत केले. ४९५०० टाइप करताना शून्यं दोनदा मोजली, ताई.