वाऱ्याचा अनिश्चित भार आणि १६ मजली इमारत: मॉन्टे कार्लोची मांडणी कशी करावी?

प्रश्न: स्थापत्य_जुळेसोलापूर

नमस्कार. एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी सोलापुरातील एका कल्पित १६ मजली आरसीसी इमारतीचा अभ्यास करत आहे. तिची उंची ४८ मीटर आणि वाऱ्याच्या दिशेतील रुंदी १२ मीटर आहे. उंची आणि रुंदीचे गुणोत्तर ४ येते, म्हणजे संहितेतील मर्यादेच्या आत आहे. परंतु आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानक संहितेतील सूत्राने दोलनकाल (इमारतीच्या एका पूर्ण डोलण्याला लागणारा वेळ) सुमारे १.२५ सेकंद येतो आणि वारंवारता १ हर्ट्झपेक्षा कमी ठरत असल्याने गतिक विश्लेषण, म्हणजे वाऱ्यात इमारत कशी डोलते याचा हिशोब, करावेच लागते. मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे वाऱ्याचा वेग, डॅम्पिंग (डोलणे शमवण्याची इमारतीची क्षमता) आणि काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक (त्याचा ताठपणा) यादृच्छिकपणे बदलत, मी १,००० नमुने चालवले. मार्गदर्शकांच्या मते, विस्थापनाची (इमारत बाजूला सरकण्याची) मर्यादा ओलांडण्याची हजारात एक अशी संभाव्यता एवढ्या नमुन्यांवरून सांगता येणार नाही. नमुने वाढवणे एवढाच उपाय आहे का?

उत्तर: भारगणित

मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. संभाव्यता हजारात एक असेल, तर १,००० नमुन्यांत सरासरी एकच घटना हाती लागते. अंदाजातील सापेक्ष त्रुटी १० टक्क्यांवर आणायची, तर सुमारे एक लाख नमुने हवेत. प्रत्येक नमुन्यात दहा मिनिटांतले झोत क्षणोक्षणी कसे बदलतात हे चालवायचे असेल, तर हे महाविद्यालयाच्या संगणकावर झेपणारे नाही. त्यामुळे महत्त्वाच्या, म्हणजे मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता जास्त असलेल्या भागातून अधिक नमुने घेऊन नंतर त्यांचे वजन दुरुस्त करणारी पद्धत वापरावी.

त्याआधी कोणत्या चलाचा प्रभाव किती आहे, हे मात्र तपासा. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पुण्यासाठी संहितेत दिलेला ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग उदाहरणादाखल थेट घेतला, तर ०.६ ने गुणून दाब सुमारे ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. वेग १० टक्क्यांनी वाढला की दाब २१ टक्क्यांनी वाढतो. काँक्रीटच्या गुणांकातील फरकाचा परिणाम त्यापुढे बहुधा लहान दिसेल.

उत्तर: वळीव_निरीक्षक

नमुन्यांच्या संख्येपेक्षा मला वेगाच्या वितरणाची अधिक काळजी वाटते. आपण वार्षिक कमाल वेगांना एकच गुम्बेल वितरण (कमाल मूल्यांसाठी वापरले जाणारे संभाव्यता-वितरण) बसवले असणार. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वादळांचे झोत आणि जूननंतरचे पश्चिमेकडून सलग वाहणारे मोसमी वारे यांची कारणे वेगळी आहेत, त्यांची पुनरावृत्तीही वेगळी आहे. दोन्ही एकाच यादीत मिसळले, तर दुर्मीळ वेगांचा अंदाज, म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे तोच भाग, फसवा ठरू शकतो. दोन स्वतंत्र वितरणे बसवा. वेग ठरावीक मर्यादेत राहण्याच्या दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार केला की एकत्रित वार्षिक वितरण मिळते.

दुसरे असे की डॅव्हनपोर्ट किंवा कैमल यांचे वर्णपट (झोतांची ऊर्जा कोणत्या वारंवारतेला किती, हे सांगणारी सूत्रे) स्थिर स्वरूपाच्या वाऱ्यासाठी आहेत. वळवाच्या वादळात खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते, काही मिनिटांत झोत ओसरतो आणि सर्वाधिक वेग जमिनीपासून काही दशक मीटर उंचीवर असू शकतो. आपली ४८ मीटरची इमारत नेमकी त्याच पट्ट्यात येऊ शकते. म्हणून उंचीबरोबर वेग वाढतच जातो, हे गृहीतक तिथे चालणार नाही.

स्थापत्य_जुळेसोलापूर

दोघांचेही आभार. आता वितरणे वेगळी करते. डॅम्पिंग मात्र प्रत्येक झोतागणिक नव्याने निवडावे का?

उत्तर: भारगणित

नाही. झोत दर वेळी बदलतात, पण एका इमारतीचे डॅम्पिंग ठरावीक कंपविस्ताराला साधारण एकच असते. आपल्याला फक्त ते ठाऊक नसते. म्हणून बाहेरच्या फेरीत डॅम्पिंग आणि गुणांक एकदा निवडा, आतल्या फेरीत तेच मूल्य ठेवून अनेक झोत चालवा. मग आपल्याला एकच संभाव्यता न मिळता तिचा पट्टा मिळेल, आणि प्रबंधात तो पट्टाच मांडावा. संहितेतील ५० वर्षांच्या पुनरावृत्तीचा, म्हणजे सरासरी ५० वर्षांतून एकदा ओलांडला जाणारा, वेगही ५० वर्षांत किमान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, हे लिहिताना लक्षात असू द्या.