रॅबिट पॉलिक्लोनल अँटिबॉडी ब्लॉटमध्ये चालते, फ्लोमध्ये शून्य?

पेशीवेडा: ए४३१ (माणसाच्या कर्करोगाच्या) पेशींवर ईजीएफआर (पेशीच्या पडद्यातला, वाढीचा संकेत घेणारा रिसेप्टर प्रोटीन) बघतोय. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) १७० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास मस्त जाड बँड येतो, पण तीच अँटिबॉडी जिवंत पेशींना लावून फ्लोला (फ्लो सायटोमेट्री, एकेका पेशीची चमक मोजायची पद्धत) नेली की सिग्नल पार सपाट, सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी) बदलून पाहिली, डोस वाढवला, काही नाही. आणि हिशोबाने प्रोटीन १३४ केडीए असायला हवं ना, मग बँड इतका वर कसा?

बफरबहाद्दर: बँडचं टेन्शन नको, रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या असतात म्हणून तो वर धावतो. डेटाशीटवर इम्युनोजेन (ज्या तुकड्यावर अँटिबॉडी बनवली तो) काय लिहिलंय ते बघ आधी.

पेशीवेडा: सी-टर्मिनसचं (प्रोटीन साखळीच्या शेवटच्या टोकाचं) पेप्टाइड लिहिलंय.

बफरबहाद्दर: झालं मग! ते टोक पेशीच्या आत असतं रे, जिवंत पेशीत अँटिबॉडी शिरणार कुठून. ब्लॉटमध्ये पेशी फोडलेली असते म्हणून दिसतं. फिक्स कर (रसायनाने पेशी आहे तशी टिकव), सॅपोनिन किंवा ट्रायटॉनने पडद्याला भोकं पाड, मग लाव. पण पृष्ठभागावरचाच रिसेप्टर मोजायचा असेल तर बाहेरच्या भागावरची अँटिबॉडी घ्यावी लागेल, दुसरा इलाज नाही.

जुनीपिपेट: सोबत सशाचं साधं आयजीजी (ईजीएफआरला न ओळखणारी साधी अँटिबॉडी) त्याच कॉन्सन्ट्रेशनला लाव, भोकं पाडलेल्या पेशीत बॅकग्राउंड फार चढतं. निगेटिव्ह म्हणून सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशी घे, त्यांच्यात स्वतःचा ईजीएफआर नसतो. आणि पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) आहे, नवी लॉट आली की डायल्युशन परत बसवायचं, मी एकदा आळस केला आणि आठवडा गेला.

पेशीवेडा: अरे देवा, डेटाशीट उघडलीच नव्हती 😅