माझ्या चित्रांतली ठिपक्यांची भरण माझी की उसनी?

प्रश्न : चित्रकलेचा विद्यार्थी, तिसरे वर्ष (गाव नागभीड तालुक्यात)

नमस्कार. मी नागपुरात चित्रकला शिकतो. घर चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात आहे. गेल्या सत्रात मी रोवणीवर, म्हणजे भाताच्या लावणीवर, सहा चित्रे केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती दोन मिनिटांत पाहिली आणि ‘ही तर गोंड शैली झाली, यात तुझे काय?’ एवढे विचारून ते पुढच्या मुलाकडे वळले. मला राग आला. परंतु रात्री खोलीवर चित्रे पुन्हा मांडून बसलो तेव्हा तो प्रश्न अगदीच गैर वाटेना.

आजी दिवाळीआधी घर छुईने (पांढऱ्या मातीने) पोतारून खाली गेरूचा पट्टा ओढायची, तो पट्टा अजूनही माझ्या बहुतेक चित्रांच्या तळाशी येतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे मी लहानपणापासून पाहत आलो. आणि आईबरोबर मी स्वतः रोवणी केली आहे. बांधीत (भाताच्या खाचरात) वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, लावत मागे सरकताना समोर चिखल, पाणी आणि स्वतःचे हात एवढेच दिसते, आभाळ दिसलेच तर पाण्यात दिसते. म्हणून माझ्या चित्रांत क्षितिज नाही. मात्र आकृत्यांच्या आत जी बारीक ठिपक्यांची आणि रेघांची भरण आहे, ती मी मोबाइलवर पाहिलेल्या गोंड चित्रांवरून उचलली. मी त्या समाजाचा नाही. ती भरण ठेवावी की सोडावी?

उत्तर १ : निवृत्त चित्रकला शिक्षक, भंडारा

क्षितिज का नाही, हे तुम्हाला सांगता येते आणि ठिपके का आहेत, हे सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने उत्तर इथेच आहे. तरीही घाई करू नये. चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मुंबईला गेले आणि १९५० मध्ये फ्रान्सला. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेला एक ठिपका पाहत बसल्याची आठवण ते सांगत, परंतु तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला १९८० च्या सुमारास, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात.

उत्तर २ : पडदे रंगवणारा, वडसा

मी कलाशाळेत गेलेलो नाही, तरी पडद्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. पडदा मंडपाच्या शेवटच्या रांगेतून दिव्यांच्या उजेडात दिसावा लागतो. तिथून बारीक काम दिसत नाही, दिसतात ते कडा आणि गडद-फिक्याचे मोठे तुकडे. मी आयुष्यात राजवाडा पाहिला नाही, पण महालाचे पडदे किती रंगवले याची मोजदाद नाही, आणि त्यांच्या खांबांवर आमच्या गावच्या देवळातली कमळे कधी उतरली तेही कळले नाही. आपली चित्रे भिंतीला लावून वीस-पंचवीस पावले मागे जाऊन पाहावीत. भरण दिसेनाशी झाल्यावरही रोवणी दिसत असेल, तर चित्र उभे आहे असे मी समजेन.

उत्तर ३ : कला-इतिहासाची विद्यार्थिनी, गोंदिया

‘गोंड शैली’ या शब्दाबद्दल मात्र मला हरकत घ्यावीशी वाटते. आज कागदावर आणि कॅनव्हासवर आपण जे पाहतो, त्याची मोठी वाट पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या परधान गोंड चित्रकाराने घालून दिली. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राची उभारणी होत असताना चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या चमूला त्यांचे काम दिसले आणि भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले. त्या चित्रपद्धतीला ‘जनगढ कलम’ असेही म्हणतात. पुढच्या चित्रकारांनी आपापली वेगळी भरण घडवली आणि जाणकार तेवढ्यावरून चित्रकार ओळखतात. त्यामुळे तुम्ही जी उचलली ती बेवारस लोककला नसून कोणाच्या तरी हाताची ओळख असण्याचा संभव अधिक आहे. (पाटणगढ त्या वेळी मंडला जिल्ह्यातच होते, वर रझांचा उल्लेख आहे म्हणून सांगते.) प्रेरणा घेण्याला माझी हरकत नाही. परंतु घ्यायचीच असेल, तर ती नेमकी कोणाकडून घेतली हे शोधून चित्राखाली नाव लिहावे, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :

आपणा सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे वसतिगृहाच्या लांब ओसरीत सहाही चित्रे लावून पाहिली. चार उभी राहिली, दोन नुसतीच करडी दिसली. त्या दोघांत भरण सर्वांत दाट होती. ताईंच्या म्हणण्यावरून मोबाइलमधली जुनी चित्रे पुन्हा उघडली, तर एकाही चित्राखाली चित्रकाराचे नाव मी जपून ठेवलेले नव्हते, याची लाज वाटली. सध्या एका चित्रात बाईच्या लुगड्याच्या आत ठिपक्यांऐवजी पोताऱ्याच्या हाताचे अर्धवर्तुळाकार फराटे ओढून पाहत आहे. छुई घरून मागवली आहे, पण ती कागदावर वाळली की पापुद्रे सुटतात. त्यात डिंक किती घालावा, हे पडदेवाल्या काकांनी कृपया सांगावे.