प्रार्थना करते पण आत काहीच हलत नाही, तारण (पापातून सुटका) गेलं असं समजायचं का?

नगरची_लेक
सगळ्यांना सलाम. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मूळची नगर जिल्ह्यातली, घर आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती, संडे स्कूल, पाठांतर, दृढीकरण (चर्चमध्ये विश्वासाची जाहीर कबुली) सगळं रीतसर झालेलं. आता पुण्यात नर्स आहे, आयसीयूला. मागच्या वर्षी पप्पा गेले आणि तेव्हापासून काय झालंय कळत नाही, प्रार्थनेला बसलं की शब्द येतात, पाठच आहेत ते, पण समोर कोणी ऐकतंय असं वाटतच नाही. देवावर राग नाही, शंका पण नाही, नुसतं रिकामं. नाइट करून रविवारी सकाळी रूमवर येते, चर्चसाठी अलार्म लावते आणि तो बंद करून झोपते, मम्मीचा फोन आला की जाऊन आले म्हणते. कधी गेलेच तर लोक विचारतात कसं काय, मी म्हणते प्रभूची कृपा. प्रभुभोजनाला (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस देतात ते) तर उठतच नाही कारण अयोग्य रीतीने घेऊ नये हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. कष्टी आणि भाराक्रांत लोकांनी माझ्याकडे या, विसावा देईन, हे वचन आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. मग मला का नाही मिळत? माझं तारण खरंच झालं होतं की नुसती घरची सवय होती?

विश्वासू_७७
ताई हा सैतानाचा हल्ला आहे. तीन दिवस उपास धरा, पापकबुली करा, शांती नक्की मिळेल. आमेन.

मागचा_बाक
विश्वासू भाऊ, मन चांगलं आहे तुमचं पण आयसीयूत नाइट करणाऱ्या पोरीला उपास कुठे सांगताय.

मुली, बायबलमधला १ राजे १९ काढून वाच. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या धमकीने पळतो आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला काय पाठवलं? उपदेश नाही, रागावणं नाही. झोपू दिलं, मग देवदूताने हलवून उठवलं, ऊठ खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. तो खाऊन परत झोपला, तर परत तेच, ऊठ खा, वाट लांबची आहे. तू काय करतोयस इथे हा प्रश्न देवाने नंतर विचारला, पार होरेब डोंगर गाठल्यावर. तेव्हा नाइटनंतर झोपलीस त्यात पाप शोधू नकोस, जमलं तर संध्याकाळची उपासना कुठे होते ते बघ.

आणि ते अयोग्य रीतीने. १ करिंथ ११ आख्खा वाच, एकच ओळ नको. तिथे पैसेवाले आधी येऊन खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यावर चिडलाय. बापाच्या दुःखात असलेल्या लेकीला भाकरीपासून लांब ठेवायला त्याने ते लिहिलेलं नाही. परीक्षा करा म्हणतो आणि पुढे लगेच मग खा म्हणतो, हे पुढचं आपण कोणी सांगतच नाही.

केडगाव_स्टेशन
काकांना प्लस वन. सवय की तारण यावर एक सांगते, पंडिता रमाबाईंचंच घ्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला आणि तरी पुढची कितीतरी वर्षं मन शांत नव्हतं, १९०७ च्या साक्षीत त्या स्वतःच म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता मिळाला. म्हणजे मुक्ती मिशनवाल्या रमाबाई बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं तुझ्यासारख्याच चाचपडत होत्या, तेव्हा कोणी त्यांना तारण गेलं म्हणून निकाल दिला असता तर? तुझं आत्ताचं वाटणं हा पुरावा धरू नको, ना इकडचा ना तिकडचा. आणि स्तोत्र ८८ वाच, सगळी स्तोत्रं शेवटी स्तुतीवर येतात असं आपल्याला वाटतं, हे शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी ती प्रार्थनाच आहे.

एक प्रॅक्टिकल, झोप, भूक, कामात लक्ष यावर परिणाम होत असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर टेली मानस १४४१६ ला फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पेशंटला सांगतेस तेच स्वतःला.

देहूचा_माळकरी
मी वारकरी, तुमच्या धाग्यात घुसतोय, चालेल ना? तुकोबांचं दुकान बुडालं, दुष्काळात बायको गेली, पोरगा गेला, तेव्हा ते भंडारा डोंगरावर जाऊन बसले. आणि देवाशी किती भांडलेत, गाथा उघडून बघा. आमच्यात देवाला उलट बोलायला कोणाची परवानगी लागत नाही 😀 तुमचे कवी ना. वा. टिळक तर सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा ताई पाठ केलेलं येत नसेल तर भांडा, ते पण बोलणंच आहे.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार. ८८ वाचलं, ड्युटीवरच, दोन वाजता. असं काही बायबलमध्ये आहे हे संडे स्कूलला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हाला फक्त स्तोत्र २३. पप्पांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या मॉनिटरकडेच बघत होते, नर्स म्हणून, मुलगी म्हणून एक शब्द बोलले नाही, ते कोणाला सांगितलं नव्हतं. देवाला पण नाही. बहुतेक भांडण तिथूनच सुरू करावं लागणार. विश्वासू दादा, उपास मात्र नाही धरत, मीच चक्कर येऊन पडले तर बेड रिकामा नाहीये आमच्याकडे.

मागचा_बाक
बोल त्याच्याशी. आणि मम्मीला पण एकदा खरं सांगून टाक, कदाचित ती पण प्रभूची कृपा म्हणून वेळ मारून नेत असेल.