आजोबांच्या फाउंड्रीतली फूटपट्टी खोटी कशी?

कपाशीवाला: अंजनगाव सुर्जीजवळ आमचा घरचा कारखाना होता. आजोबांची बिडाची (ओतीव लोखंडाची) फाउंड्री, पुढे बाबांनी लेथ (माल कातायचं यंत्र) लावला. शेड पडायच्या आत घरच्यांसाठी त्याचा इतिहास लिहून ठेवतोय. रोकडवह्यांत नुसतं 'ब्रॅकेट', 'पुली' आणि रक्कम. लाकडी साच्यांवर (रेतीत ठसा उमटवायच्या नमुन्यांवर) नाव नाही. दोन पोकळ पेट्या आहेत, त्यात लोखंड ओतत का? आणि एक स्टीलची पट्टी सापडली, ती फुटामागे सूतभर (इंचाचा आठवा भाग) मोठी भरते. अशी खोटी पट्टी कशाला ठेवली असेल?

जुना टर्नर, मूर्तिजापूर: भाऊ, ते पट्टी फेकू नका! साचेवाल्या मिस्त्रीची पट्टी हाय ते. बीड थंडं झालं का आकसते, फुटामागं सूतभर. साचा तेवढा मोठा करा लागते. मिस्त्री दर येळी हिसाब कुठं करत बसन? म्हून पट्टीच वाढीव. तिनंच साचा मोजजा, थंड्या मालाचं माप भेटन. जिथं लेथ लागे तिथं वरून सूतभर जास्त सोडलेलं असते, ते वजा करजा.

पोकळ पेटीत लोखंड नाही ओतत. कोअरबॉक्स हाय तो. त्यात जवसाचं तेल लावलेली रेती ठासाची, काढून भाजाची. पुलीचं मधातलं भोक त्या रेतीच्या गाभ्यानं पडते. आपल्याकडं जवसाले काय तोटा? भाजणी लागली का वास पार रस्त्यावर.

आन वह्या हंगामानं वाचजा. जिन, म्हंजे कापसातली सरकी काढाचा कारखाना, दिवाळीले सुरू, होळीनंतर मंद. रेच्यांची, म्हंजे सरकी काढाच्या मशीनची, दुरुस्ती पावसाळ्यात. मिरगापासून दसऱ्यालोक ब्रॅकेट दिसले तं जिनचं काम समजा.

वहीवाला: गिऱ्हाइकांची नावंही बघा. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी (शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनं घ्यायचा) आली, त्याच्या आधी-नंतर कोण बदललं? २००० ला केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जिन नव्या करायला अनुदान मिळालं. जुने रेचे भंगारात गेले, तुमचा कारखाना तिथेच बसला असणार.

जुना टर्नर, मूर्तिजापूर: सारं अभियानावर नका ढकलू. लाइनशाफ्ट, म्हंजे पट्ट्यांनी साऱ्या मशीन फिरवणारा एकच लांब दांडा, गेला, दर मशीनले आपली मोटर बसली, तवाच मोठ्या पुलीचं काम सरलं. अनुदान लय मागून आलं.

कपाशीवाला: जुलै-ऑगस्टच्या पानांवर खरंच ब्रॅकेटच ब्रॅकेट! मोठा गोल साचा त्या पट्टीनं २४ इंच आणि वर दोन सूत भरतो.

जुना टर्नर, मूर्तिजापूर: दोन्ही कडचं एकेक सूत लेथचं. २४ ची पुली झाली. कडेचा फेस, म्हंजे पट्टा बसते ते बाजू, मधात फुगीर हाय का पाहजा. असन तं सपाट पट्ट्याचीच. फुगवटा नसला तं पट्टा बाजूले सरकते.