खड्ड्यात आदळल्यापासून ट्रक डावीकडे ओढतोय, दोनदा अलाइनमेंट करून पण फरक नाही

सहाचाकी
नमस्कार मंडळी. माझी गाडी दोन एक्सलची आहे, पुढे आय-बीम एक्सल (दोन्ही चाकांमधला एकच अखंड लोखंडी दांडा) आणि पाटे (पानांच्या स्प्रिंग). महिन्यापूर्वी रात्री भरलेली गाडी मोठ्या खड्ड्यात गेली, डावं पुढचं चाक इतक्या जोरात आदळलं की केबिनमधलं सामान सगळं खाली आलं. उतरून बघितलं तर टायर शाबूत, रिम शाबूत, म्हणून तसाच माल पोचवला. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की अजून जास्त, आणि सरळ चालवायची तर स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळवून धरावं लागतं. दोनदा अलाइनमेंट केली, दोन्ही वेळा टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) फिरवून टो (चाकं पुढून आत वळलेली तर टो-इन, बाहेर तर टो-आउट) जागेवर आणला, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून स्टेअरिंग मधे आणून दिलं, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. डावीकडे नवीन टायर टाकला होता तो ४००० किमीत आतल्या बाजूने खाऊन टाकला, मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय.
दुसऱ्या वेळचा कागद आहे माझ्याकडे: टो-इन २ मिमी. कॅम्बर (चाकाचा कल, वरून आत म्हणजे उणे, बाहेर म्हणजे अधिक) डावा उणे ०.७५ डिग्री, उजवा अधिक ०.५. कास्टर (चाक ज्या पिनवर वळतं तिचा पुढे-मागे कल) डावा १.५, उजवा ३.५. मशीनवाला म्हणाला कॅम्बर या एक्सलला अ‍ॅडजस्ट होत नाही, असंच चालवा. खरंच असंच चालवायचं का? कुठून बघायला सुरुवात करू?

रात्रपाळी
भाऊ आधी साध्या गोष्टी काढून टाका. पुढचे दोन टायर डावा उजवा बदलून बघा, ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. दुसरं म्हणजे वीस पंचवीस किमी कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबल्यावर दोन्ही ड्रमजवळ लांबूनच हात धरून बघा, एक जास्त तापलेला असेल तर तो ब्रेक चिकटतोय. आणि रस्त्याचा उतार ज्या बाजूला असतो तिकडे थोडी ओढ असतेच, म्हणून सपाट जागेवर ट्राय करा.

ग्रीसगन
वरचं बरोबर आहे, ते कराच, पण तुमच्या कागदावरचे आकडे वेगळंच सांगतायत. गाडी ज्या बाजूला कॅम्बर जास्त अधिक असतो त्या बाजूला ओढते, म्हणजे नुसता कॅम्बरच बिघडला असता तर तुमची गाडी उजवीकडे गेली असती. ती डावीकडे जातेय. कास्टर ज्या बाजूला कमी तिकडे ओढ, हे मात्र डावीकडे जुळतं. आणि आय-बीम हा एकच अखंड लोखंडाचा तुकडा आहे, त्यात डाव्या उजव्या कास्टरमधे २ डिग्रीचा फरक आपोआप येत नाही, एक तर बीमला पीळ बसलाय किंवा एका बाजूला पाटा आणि एक्सलच्या मधली पाचर सरकलीय. त्यात ब्रेकला ओढ वाढते म्हणजे मला एक्सल जागेवरच नाही असं वाटतंय.

आता मशीनवर जाऊ नका. सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी करा, चाकं सरळ, मागच्या चाकांना पुढून मागून ठोकळे. पाटा पुढच्या बाजूला जिथे ब्रॅकेटला पिनने बसतो त्या पिनच्या मध्यातून ओळंबा सोडा, खडूने खूण करा, एक्सलच्या मध्यातून तसंच, आणि दोन खुणांमधलं अंतर डावीकडे उजवीकडे मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर एक्सल सरकलाय. नुसतं पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत मोजून थांबू नका, कारण मागचा एक्सल तिरका असेल तरी तिथे फरक दिसेल आणि तुम्ही पुढचंच खोलत बसाल. त्यानंतर चासीच्या खालच्या कडेपासून एक्सलपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा, एक बाजू बसलेली असेल तर पाटा तुटलाय किंवा मेला आहे.

सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्याची पानं मधोमध धरणारा बोल्ट, नीट बघा. त्याचं डोकं खाली एक्सलच्या सीटमधल्या भोकात बसतं आणि नट वर असतो, बोल्ट मधे कापला गेला तरी वरचा नट जागेवर दिसतो म्हणून खूप जण फसतात. खूण ही की यू बोल्टच्या (पाटा एक्सलला आवळून धरतात ते) जवळ पाटा आणि सीटच्या सांध्यात घासून चकाकलेलं लोखंड दिसतं, किंवा लाल गंजाची पावडर गळलेली असते. सेंटर बोल्ट गेला की यू बोल्ट कितीही आवळलेले असू देत, ब्रेक मारल्यावर एक्सल मागे सरकतो आणि पिळतो, ड्रॅग लिंकची लांबी तर बदलत नाही, मग चाकं आपोआप वळतात. ब्रेकला जास्त ओढते म्हणताय ते बहुतेक हेच.

शेवटी किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती. एक्सलखाली जॅक लावून चाक उचला, खाली स्टँड द्या, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिन बुश. टाय रॉड एंड मात्र चाक जमिनीवर असताना बघायचे, एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावं उजवं करायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवायचा, उचललेल्या चाकात बारीक खेळ कळत नाही.

सहाचाकी
ग्रीसगन दादा खूप खूप आभार, काल रविवार होता म्हणून मित्राला घेऊन सगळं मोजलं. टायर बदलले, फरक नाही. ड्रम दोन्ही सारखेच. पिनपासून एक्सल उजवीकडे ६१२, डावीकडे ६२६, म्हणजे डावा १४ मिमी मागे!! उंची डावीकडे ९ मिमी कमी. यू बोल्टजवळ लाल पावडर आहेच, आणि पाचर एका बाजूने बाहेर आलेली बोटाला लागते. किंगपिनला खेळ नाही. टायरवर हात फिरवला तर आतून बाहेर जाताना मऊ लागतो आणि बाहेरून आत येताना टोचतो, याचा काही अर्थ आहे का? टाय रॉड डोळ्याला सरळच दिसतो.

ग्रीसगन
मोठा अर्थ आहे. बाहेरून आत येताना टोचतो म्हणजे टो-आउट मधे चाललेला टायर. कागदावर टो-इन आहे पण तो उभ्या गाडीचा, तुमचा एक्सल रस्त्यावर हलतोय त्यामुळे टो पण हलतोय. टाय रॉडला सरळ पट्टी लावून बघा, एक्सलच्या मागे असलेला टाय रॉड जरासा वाकला तरी लांबी कमी होते आणि टो-आउट येतो, डोळ्याला ते कळत नाही. दोनदा फिरवून घेतलाय म्हणून वाकलेलाच असेल तरी लपून गेला असणार.

ओळंबा
मधेच बोलतो, राहवत नाही. सेंटर बोल्ट आणि पाचर बदलली की ओढ जाईल हे मान्य. पण डावा कॅम्बर उणे ०.७५ त्याने जाणार नाही, आणि टायर आतून खाण्यात तोच मोठा वाटेकरी आहे. किंगपिन इन्क्लिनेशनचे (किंगपिन वरून आत किती कललीय त्याचे) आकडे आहेत का कागदावर? ते असतील तर बीम वाकलाय का स्टब एक्सल (ज्यावर चाक बसतं तो), ते गाडी न खोलता सांगता येतं.

सहाचाकी
आहेत. डावं ८.२५, उजवं ७.

ओळंबा
मग सोपं आहे. कॅम्बर आणि किंगपिन इन्क्लिनेशन यांची बेरीज करा. उजवीकडे ७ अधिक ०.५ म्हणजे ७.५. डावीकडे ८.२५ उणे ०.७५ म्हणजे पण ७.५. बेरीज दोन्हीकडे सारखी, म्हणजे किंगपिनपासून पुढचं सगळं, स्टब एक्सल धरून, ठीक आहे आणि तिरकेपण किंगपिनच्या आतल्या बाजूला आलंय. बीमचं डावं टोक वर वाकलंय. स्टब वाकला असता तर इन्क्लिनेशन दोन्हीकडे ७ च राहिलं असतं आणि फक्त कॅम्बर गेला असता, तेव्हा बेरीज जुळली नसती. खालून मार बसला की दोन्ही प्रकारात कॅम्बर उणेच होतो, म्हणून नुसता कॅम्बर बघून स्टब बदलणारे लोक नवीन स्टब बसवून पण तिथेच राहतात. मात्र पाटा दुरुस्त झाल्यावर एकदा परत मोजा, बसलेल्या पाट्यावर घेतलेले आकडे थोडे इकडे तिकडे असू शकतात.

रात्रपाळी
बीम गरम करून सरळ करून देतात की, आमच्या ओळखीत दोन तीन गाड्या चालतायत तशा.

ओळंबा
भाऊ, चालतायत हे खरं असेल पण मी कधीच सांगणार नाही. बीम फोर्ज करून हीट ट्रीटमेंट दिलेला असतो, टॉर्च लावली की तेवढ्या जागी ती ताकद जाते आणि तो परत वाकतो नाहीतर तडकतो, भरलेल्या गाडीत पुढच्या एक्सलचं टोक गेलं तर ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही. थंड प्रेसवर सरळ करणं सुद्धा किती डिग्रीपर्यंत चालतं, चालतं का नाही, ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे बघूनच, आणि नंतर तडा तपासून. काही कंपन्या सरळ नाहीच म्हणतात. सव्वा डिग्री वाकलाय, मी बीम बदला म्हणेन.

सहाचाकी
बीम बदलायचं ठरवलं. यू बोल्ट जुनेच वापरू का?

ग्रीसगन
नको!! एकदा ताणलेला यू बोल्ट परत तसा धरत नाही, चारही नवीन घ्या, नट पण. पाटा खोलल्यावर सगळी पानं सुटी करून साफ करा, तडा क्लिपच्या खाली आणि सेंटर बोल्टच्या भोकाजवळ लपतो. डावीकडे ९ मिमी कमी आहे तर एखादं पान नक्की गेलंय. एका बाजूचा पाटा नवीन आणि दुसरीकडे थकलेला ठेवलात तर उंचीचा फरक राहील, तेव्हा दोन्ही बाजू मोजून घ्या. पाचर दोन्हीकडे एकाच डिग्रीची, जाड बाजू मागे ठेवली की कास्टर वाढतो, उलटी बसली तर स्टेअरिंग हलकं आणि गाडी वाहवत जाणारी होईल. यू बोल्ट टप्प्याटप्प्याने तिरके तिरके आवळा, शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. मग अलाइनमेंट, आणि टो मोजायच्या आधी गाडी दोन मीटर पुढे ढकला, जॅकवरून उतरवलेली चाकं आत ओढलेली असतात.

सहाचाकी
सगळ्यांना कळवतो, काम झालं. दुसरं पान सेंटर बोल्टच्या भोकातूनच तुटलेलं निघालं, बोल्टचे दोन तुकडे, बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं. टाय रॉड पट्टीवर ४ मिमी वाकलेला होता, तो पण बदलला. नवीन बीम, दोन्ही पाटे, पाचरी, यू बोल्ट सगळं नवीन. पिनपासून एक्सल आता दोन्हीकडे ६१२. कॅम्बर दोन्हीकडे अधिक ०.५, कास्टर ३.२५ आणि ३.५, टो-इन २. काल भरलेली गाडी चालवली, सपाट रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरलं तरी सरळ जाते आणि ब्रेकला अजिबात ओढत नाही. यू बोल्ट ५०० किमीनंतर परत आवळून घेणार आहे, तेव्हा पिनपासूनचं अंतर पुन्हा मोजून इथे टाकतो.